चिमटा का तुटतो?

(मंडळाच्या बडोदे येथील गणेशोत्सव व्याख्यानमालेत चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेत आजचा विषय छापून आल्यावर मला दोन फोन आले. एका वहिनींनी विचारलं, "भाऊजी, चिमटा म्हणजे पोळीचा का?" दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "कुणाकुणाला चिमटे काढणार ते आधी सांगा, म्हणजे पुढे बसायचं की मागे ते ठरवतो." दोघांचीही निराशा होणार आहे. मी बोलणार आहे सायकलच्या चिमट्याबद्दल. हँडलच्या खाली दोन पाय फाकून जो उभा असतो आणि ज्याच्या पायांत पुढचं चाक बसतं, तो चिमटा. आता नवी मुलं त्याला फोर्क म्हणतात.

गणपतीत हा विषय कशाला, असं कार्यकारिणीतही एकाने विचारलं होतं. कारण असं आहे की गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या मंडळातल्या निदान वीस-पंचवीस घरांत नव्या सायकली आल्या आहेत. कुठे नातवाची, कुठे सुनेची, कुठे डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितली म्हणून घेतलेली. किमती ऐकून आमच्या पिढीला घेरी येते. आणि "तुम्ही मेटलर्जीवाले ना" म्हणून प्रत्येक घरातून मला एकच प्रश्न येतो: यातली मजबूत कुठली? पोलादाची, अ‍ॅल्युमिनियमची की कार्बनची?

हा प्रश्न मी बरेच दिवस टाळला. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगावी लागते आणि त्यासाठी धाकट्या भावाची परवानगी हवी होती. ती त्याने दिली आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, पळून जाऊ नये म्हणून वहिनींच्या आणि खांबाच्या मध्ये.

साल १९७१. मी सोळा वर्षांचा, तो तेरा. घरात सायकल एकच, आमच्या नानांची. अठ्ठावीस इंची, सळईच्या ब्रेकची, हिरव्या रंगाची. नाना ज्या दिवशी कचेरीत पायी जायचे त्या दिवशी ती मला मिळायची. अशाच एका दिवशी मांडवीकडून येताना मी मागे बघत सायकल चालवली आणि उभ्या टांग्यावर आदळलो. मला खरचटलंसुद्धा नाही. घोडाही शांत. पण चिमटा मागे वाकला. इतका, की हँडल वळवलं की टायर खालच्या नळीला घासायचा.

नाना मारणाऱ्यांतले नव्हते. ते गप्प बसायचे, आणि ते जास्त वाईट असायचं. म्हणून मी सायकल ढकलत एका दुकानात नेली. दुकानदाराने बघितलं आणि सांगितलं, नवा चिमटा टाक, पंधरा-सोळा रुपये होतील. माझ्या खिशात तीन रुपये. मी म्हटलं, आहे तोच सरळ करून द्या. त्याने दोनदा समजावलं, मी दोनदा तेच म्हटलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी त्या माणसाला फार नावं ठेवली. त्याने चिमटा काढला, व्हाइसमध्ये धरला, ब्लो लॅम्पने तापवला, पाईप घालून ओढला आणि सरळ केला. वरून काळा रंग मारला. दोन रुपये घेतले. संध्याकाळी सायकल जिन्याखाली आपल्या जागी उभी होती आणि कुणाला काही कळलं नाही.

अकरा महिन्यांनी धाकटा तीच सायकल घेऊन काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून उतरत होता. समोर गाय आली. त्याने ब्रेक दाबला. हँडल हातात राहिलं आणि चिमटा चाकासकट खाली सुटला. पुढचे तीन दात गेले, हनुवटीला सात टाके पडले, मनगट मोडलं. तो मेळ्यात गाणारा मुलगा. त्या वर्षी मेळ्यात उभा राहिला नाही. घरात आणि आळीत निष्कर्ष निघाला तो असा, की ह्याने ब्रेक फार जोरात मारला. जो भेटायला येई तो त्याला सांगे, "उतारावर असा ब्रेक मारायचा नसतो, बाळा." मी तिथेच बसलेला असायचो. मी काही बोललो नाही.

नानांनी तुटलेला चिमटा टाकून दिला नाही. काहीच टाकायचं नाही ही त्या पिढीची सवय. तो माळ्यावर राहिला.

चार वर्षांनी मी कलाभवनात मेटलर्जी शिकत होतो. सयाजीरावांनी १८९० साली सुरू केलेलं कलाभवन. आमच्या वेळेपर्यंत ते विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी झालं होतं, पण बडोद्यात आजही सगळे कलाभवनच म्हणतात. तुटलेल्या धातूचा अभ्यास कसा करायचा हे शिकवताना सर म्हणाले, घरात मोडकं-तोडकं जे असेल ते घेऊन या. कुणी स्प्रिंग आणली, कुणी पंप्याचा दांडा. मी माळ्यावरून चिमटा काढून नेला. सरांनी तो उलटा धरला, तुटलेल्या तोंडावरून भिंग फिरवलं आणि मान वर न करता विचारलं, "हा आधी कधी वाकला होता का रे?"

टांगा, दुकान, दोन रुपये, यातलं काही त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. धातूनेच सांगितलं. कसं सांगितलं ते आता बघू.

तुटलेल्या नळीचं तोंड सगळीकडे सारखं नव्हतं. साधारण दोन-तृतीयांश भाग काळपट-तपकिरी, गुळगुळीत, त्यावर एकाबाहेर एक अशा बारीक रेषा. उरलेला भाग खडबडीत. बडोद्याच्या माणसाला त्या रेषा समजावून सांगाव्या लागत नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचा पूर ओसरल्यावर आपल्या भिंतींवर ज्या रेघा राहिल्या होत्या, तशाच. पाणी कुठे-कुठे थांबलं ते जशी रेघ सांगते, तशी चीर कुठे-कुठे थांबत पुढे गेली ते या रेषा सांगतात. म्हणजे चिमटा त्या दिवशी तुटलाच नव्हता. तो अकरा महिने तुटत होता. काळपट भाग आधीच चिरलेला, आत ओल जाऊन गंजलेला. पुलावर फक्त उरलेला एक-तृतीयांश गेला. तिथे ब्रेकच्या जागी एखादा खड्डा आला असता तरी गेला असता.

त्या संध्याकाळी मी नानांना सगळं सांगितलं. ते नेहमीप्रमाणे गप्प बसले. मग एवढंच म्हणाले, "मला नको सांगू. त्याला सांग." धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे माझ्या ब्रेकने नाही?" चार वर्षं त्याला वाटत होतं की दात त्याने स्वतःच्या चुकीने घालवले. सायकल चालवायचीच त्याने सोडली होती.

असो. आता शास्त्राकडे.

लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच तार आठ-दहा वेळा मागे-पुढे वाकवली की पटकन तुटते. हे आपण सगळ्यांनी केलेलं आहे. एकदा पेलेल एवढा भार धातू हजारदा पेलेलच असं नाही. याला इंजिनिअर फटीग म्हणतात, आपण धातूचा थकवा म्हणू. माणसाचा थकवा झोपेने जातो, धातूचा जात नाही; तो साठत राहतो.

हे कळायला माणसांचे जीव जावे लागले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसं गेली. आस चांगल्या लोखंडाचा होता, मग तुटला कसा? पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलर या इंजिनिअरने आसाचे तुकडे यंत्रावर लाखो वेळा फिरवून, वाकवून पाहिले आणि १८७० च्या सुमारास मांडलं की धातू किती भाराने तुटेल हे तो भार किती वेळा येतो यावर ठरतं. जुन्या रेल्वेत गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन चाकांवर ठोकत जायचा, आठवतं? चाक ठणठणीत असेल तर आवाज घुमतो, चीर असेल तर बद्द येतो. तो याच थकव्याचा शोध घेत असायचा.

व्होलरला आणखी एक महत्त्वाची गोष्ट सापडली. पोलादावरचा भार एका मर्यादेखाली ठेवला, तर ते जवळजवळ कितीही वेळा तो सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठळक मर्यादा नाही. भार कमी असेल तर ते जास्त दिवस टिकतं, पण मोजणी चालूच राहते. पोलादाची ही सवलतही अटीवर आहे. गंज लागला की ती मर्यादा हळूहळू नाहीशी होते. गोव्यात ज्यांची घरं आहेत त्यांना खारी हवा पोलादाचं काय करते ते माहीत आहे. नळीचा गंज तर आतून सुरू होतो, बाहेर रंग चकचकीत असतो.

आता सायकलमध्ये चिमटाच का एवढा महत्त्वाचा? बाकीची फ्रेम त्रिकोणांची आहे. एक नळी चिरली तरी बाकीच्या सावरून धरतात, सायकल कुरकुरते, डुलते, तुम्हाला उतरायला वेळ देते. चिमटा मात्र वरून एकाच ठिकाणी धरलेला. त्याची जी नळी वर फ्रेमच्या डोक्यात शिरते, तिला मी मान म्हणेन, आणि मान जिथे दोन पायांना मिळते तो खांदा. सगळा जोर मानेच्या बुडाशी, खांद्यापाशी येतो. मोठ्या चाकाच्या सायकलवर तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो धरू. पुढचा ब्रेक जोरात दाबला तर जमिनीकडून चाळीसएक किलोचा जोर मागे ढकलतो, आणि तो जमिनीपासून खांद्यापर्यंतच्या पाऊण मीटर लांब तरफेने. तुमचं वजन चिमट्याला पुढे वाकवतं, ब्रेक आणि खड्डे मागे. पुढे-मागे, पुढे-मागे. मघाची तार आठवा. शिवाय नेमकी ती जागा छर्‍यांच्या वाटीखाली आणि फ्रेमच्या डोक्यात झाकलेली. आमचा चिमटा तिथेच तुटला. अकरा महिने रोज फडक्याने सायकल पुसूनही तो कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

दर दहा मीटरला एक हादरा धरला तर रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याच्या चिमट्याला दिवसाला हजार, वर्षाचे तीनशे दिवस धरून तीन लाख हादरे. बहुतेक सगळे किरकोळ. पण चांगल्या चिमट्याला आधीच वाकवून, तापवून, ओढून इजा केली असेल, तर किरकोळ हादराही त्या जागी किरकोळ राहत नाही.

आता मजबुतीचा प्रश्न. मजबूत या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. ताठपणा, म्हणजे भाराखाली किती कमी वाकतो. ताकद, म्हणजे किती भाराला कायमचा वाकतो किंवा तुटतो. आणि चिवटपणा, म्हणजे तुटण्याआधी किती तग धरतो. गृहिणींना हे जास्त लवकर कळेल. खाकरा ताठ असतो, पोळी चिवट असते. खाकऱ्याला वाकणं माहीत नाही.

एकाच आकाराचे तुकडे घेतले तर अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश. पण ताठपणाही एक-तृतीयांशच! टायटॅनियम दोन्ही बाबतींत मधोमध. वजनाच्या मानाने बघितलं तर तिन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठ निघतात, यावर मी विद्यार्थी असताना विश्वास ठेवायला तयार नव्हतो. मग अ‍ॅल्युमिनियमची सायकल हलकी कशी? तर नळी जाड व्यासाची करून. भिंत तेवढीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला की ताठपणा आठपट होतो आणि वजन फक्त दुप्पट. म्हणून नव्या सायकलींच्या नळ्या अशा फुगलेल्या दिसतात. करामत आकाराची आहे.

पोलाद म्हणजे अमर, हा समजही सोडा. १९९७ मध्ये जर्मनीतल्या 'टूर' या सायकलच्या मासिकाने बारा महागड्या फ्रेम एका प्रयोगशाळेत यंत्रावर थकवून पाहिल्या. शेवटपर्यंत न तुटता टिकल्या त्या तीन: दोन अ‍ॅल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. पोलादी सगळ्या आणि टायटॅनियमच्याही त्याआधीच चिरल्या. याचा अर्थ पोलाद वाईट असा नाही. त्या पोलादी फ्रेम शर्यतीच्या, पातळ नळ्यांच्या, वजन वाचवण्यासाठी मर्यादेपर्यंत ताणलेल्या होत्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बनवणाऱ्यांनी आपल्या धातूचा दोष ओळखून जिथे हवा तिथे जास्त माल घातला होता. नानांची सायकल पातळ-बितळ नव्हती. बावीस-तेवीस किलोचं धूड. त्यात भार मर्यादेच्या खूप खाली राहायचा. शिवाय आपले सळईचे ब्रेक इतके नाजूक लागायचे की चिमट्याला त्रास देण्याची त्यांची ऐपतच नव्हती.

म्हणून "कुठली धातू" यापेक्षा मी लोकांना विचारतो, तुटताना ती काय करते? साधं पोलाद आधी वाकतं. टांग्यावर आदळल्यावर आमचा चिमटा वाकला, तुटला नाही. त्याने आपलं काम चोख केलं होतं. वाकून तो सांगत होता की आता मला बदला. मी ऐकलं नाही.

अ‍ॅल्युमिनियम थोडं वाकतं, पण एकदा वाकलं की त्याला परत सरळ करायचं नाही. कुणीही कितीही खात्री दिली तरी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हापासून पुढची शंभर वर्षं आपल्याकडची सायकल म्हणजे पोलाद. आपल्या कारागिरांचा हात, डोळा, सगळं पोलादावर तयार झालं. लोखंड लाल झालं की किती तापलं ते त्यांना रंगावरून कळतं. अ‍ॅल्युमिनियम लाल होतच नाही. दिसायला तसंच राहतं आणि अचानक वितळतं. शिवाय सायकलींत जे मिश्र अ‍ॅल्युमिनियम बरंच वापरतात, ते जोडकाम झाल्यावर भट्टीत ५३० अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करतात आणि मग १७५ अंशांच्या आसपास काही तास भाजतात, तेव्हा त्यात ताकद येते. रस्त्यावरच्या वेल्डिंगने ती ताकद जोडापाशी निघून जाते. जोड दिसतो सुंदर.

आणि कार्बन. हा धातू नाही. केसाच्या दहाव्या हिश्शाइतके बारीक धागे राळेत बसवून थरावर थर चिकटवलेले. बांबूसारखं समजा: धाग्याच्या दिशेने जबरदस्त, आडवा घाव मात्र सोसवत नाही. थकव्याच्या बाबतीत तो उत्तम आहे, वर सांगितलेल्या चाचणीत टिकला तसा. पण मार बसला तर वाकत नाही. वरून एक ओरखडा दिसतो आणि आत थर सुटलेले असू शकतात. कार्बनवाल्यांना खाकऱ्याची उपमा आवडत नाही, पण मला दुसरी सुचत नाही.

जगातली उत्तम सामग्री वापरणाऱ्यांचंही काय होतं ते सांगतो. २००६ ची पॅरिस-रुबे ही शर्यत. उत्तर फ्रान्समधल्या ओबडधोबड दगडी रस्त्यांवरून जाते. अमेरिकेचा जॉर्ज हिंकापी जिंकण्याच्या बेतात पुढच्या घोळक्यात होता. त्याच्या चिमट्याची अ‍ॅल्युमिनियमची मान तुटली, हँडल सुटून हातात आलं, काही क्षण तो तसाच तोल सांभाळत गेला आणि मग पडला. खांदा दुखावला. नंतर कारण पुढे आलं ते असं, की त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता आणि मानेला तेव्हाच इजा झाली असावी. ही बातमी वाचली तेव्हा मला टांगा आठवला.

आमच्या नातवाचीही गंमत सांगतो, म्हणजे ही सगळी रडकथा वाटायची नाही. चौदा वर्षांचा आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा चिमटा. मागच्या दिवाळीत एकदा घरी आला आणि जरा जास्तच शहाण्यासारखा वागायला लागला. पानं वाढली, मागितलं नसताना पाणी आणून दिलं. मी विचारलं, "कुठे आदळलास?" दुभाजकावर. चिमट्याच्या उजव्या पायावर बोटभर ओरखडा. रागावायचं नाही हे मी ठरवलेलं होतं, त्या दिवशी ते जमलं. नाण्याने ठोकून पाहिलं. डावा पाय टणटण, उजवा मला जरा बद्द वाटला. चिमटा बदलायला लावला. सूनबाई म्हणाली, "बाबा, एवढे हजार रुपये, नुसत्या आवाजावर?" मग मी जुना चिमटा तोंडाला फडकं बांधून करवतीने कापला, कारण त्या धुळीने फुप्फुसाला अपाय होतो. आत काही नव्हतं. थर धडधाकट. बद्द वाजत होता तो माझा कान. आता घरात काही मोडलं की सगळे म्हणतात, आजोबांना ठोकून बघू द्या.

पण कापल्याशिवाय ते कळलं नसतं, आणि कापल्यावर चिमटा राहिला नसता. त्या पैशांचं मला वाईट वाटत नाही. त्याने सांगितलं, याचं मला जास्त बरं वाटलं. आणि मोठ्यांनी हे लक्षात घ्या, की पडल्याबद्दल ज्या घरात बोलणी बसतात, त्या घरातल्या सायकलचा इतिहास कुणाला कळत नाही. दुसऱ्याची जुनी सायकल स्वस्तात घेतानाही हीच अडचण. विकणारा कधी "पडली होती" म्हणत नाही.

आता बघायचं काय ते पटकन सांगतो. सायकल उलटी करा. खांद्याखाली, पाय जिथे सुरू होतात तिथे, टॉर्च लावून बघा. रंगाला केसासारखी रेघ, रंगाखालून येणारी गंजाची ओळ, रंगाच्या सुरकुत्या. फ्रेमच्या डोक्यामागे खालच्या नळीच्या पोटावर हात फिरवा. समोरून आदळलेल्या सायकलला तिथे सूक्ष्म उंचवटा येतो, तो डोळ्यांआधी बोटाला लागतो. चाक चिमट्याच्या मधोमध आहे का? पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. टक् असा आवाज आला तर छर्‍यांची वाटी सैल असेल किंवा मानेत काही असेल. दोन्हींसाठी उघडून बघावं लागेल. वर्षातून एकदा चिमटा पूर्ण बाहेर काढून, ग्रीस पुसून मानेचं बूड बघायला सांगा. दुकानदार कंटाळा करेल. जास्तीचे पैसे द्या पण करवून घ्या. कार्बन असेल तर हँडलचे बोल्ट अंदाजाने आवळू देऊ नका. बोल्टजवळ आकडा छापलेला असतो, बरेचदा ५ न्यूटन-मीटर, आणि तो मोजणारा पाना मिळतो. जुन्या सायकलला हौसेने डिस्क ब्रेक लावणारे हल्ली दिसतात, त्यांनीही जपावं. तो ब्रेक सगळा जोर चिमट्याच्या एकाच पायावर टाकतो आणि जुना चिमटा त्यासाठी केलेला नसतो.

आणि वाकलेला चिमटा, पोलादाचा असला तरी, सरळ करायचा नाही. चांगल्या कारागिराने थंड्याने थोडा सरळ केलेला पोलादी चिमटा वर्षानुवर्षं चालल्याचीही उदाहरणं आहेत. मला ती माहीत आहेत. तरी माझ्या घरात ते होणार नाही.

चांगल्या बनावटीच्या चिमट्याला बाजारात येण्याआधी यंत्रावर पुढे-मागे एक लाख वेळा वाकवतात. आंतरराष्ट्रीय मानक तसं सांगतं. म्हणजे विकत घेताना त्या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे का, एवढं विचारलं तरी पुरे. पोलाद की कार्बन, ते मग आपल्या खिशाप्रमाणे ठरवा. मुलं शाळेत नेणार, पाडणार, उन्हात टाकणार असतील तर मी साधं पोलाद घेईन. पावसात, समुद्राकाठी चालवायची असेल तर अ‍ॅल्युमिनियम. शर्यत करायची असेल तर माझा सल्ला घेऊच नका.

तो जुना चिमटा मी आणलाय, या टेबलावर आहे. हात लावून बघा. काळपट भाग आणि खडबडीत भाग अजून वेगळे कळतात. मी त्याला तेल लावून ठेवतो. धाकटा आता सायकल चालवतो. मंडपाबाहेर मघाशी मी अकरा सायकली मोजल्या, त्यातली निळी त्याची. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत, पाऊसही थांबलाय. टॉर्च माझ्याकडे आहे. ज्यांच्या सायकली आहेत त्यांनी कुलूप काढून मांडवाच्या कडेला आणाव्यात, प्रश्न असतील ते तिथेच विचारा.